काचेचा तंतू आणि कामगाराची पुंजी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य कारखान्याच्या फाटकापाशी सभा घेण्यात गेले, त्याने शेअरबाजारावर बोलावे हे जरा विचित्रच! परंतु याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, कामगाराने बाजाराकडे पाठ फिरवली तरी बाजार कामगाराकडे पाठ फिरवीत नाही. आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या चालकांनी ऑगस्ट २०१५ मध्ये नव्याने गुंतवायच्या रकमेचा ५ टक्के हिस्सा शेअरबाजाराच्या निर्देशांकात घालण्यास सुरुवात केली. २०१६ मध्ये तो १० टक्के झाला आणि २०१७ मध्ये १५ टक्के. म्हणजे ज्याने जन्मात दलालाचे तोंड पाहिले नाही, असा यंत्रावरचा कामगारही आज भागधारक आहे. तो कोणत्या कंपन्यांचा भागधारक आहे, हे मात्र त्याला कोणी विचारलेले नाही.

दुसरे कारण असे की, ताळेबंद वाचण्याची विद्या ही काही फक्त शेटजींची मिरास नव्हे. आम्ही ती बोनसच्या तंट्यात शिकलो. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या प्रकरणात १९५० साली लेबर अपेलेट ट्रायब्यूनलने जे सूत्र घालून दिले, त्यात एकूण नफ्यातून घसारा, यंत्रांच्या पुनर्वसनाची तरतूद, भांडवलावरील परतावा हे सारे वजा करून उरते ते 'उपलब्ध शिल्लक' मानले गेले. त्या एका शब्दापायी आमच्या आधीच्या पिढीतील चौथी-पाचवी शिकलेल्या कार्यकर्त्यांनी नफातोट्याची पत्रके पालथी घातली. मालक तोटा दाखवतो तेव्हा नफा कोठे दडला आहे ते हुडकायचे, ही आमची सवय. आज तीच सवय उलटी वापरायची आहे. मालक नफा दाखवतो तेव्हा तोटा कोठे दडला आहे, हे पाहावयाचे आहे.

त्यासाठी मी जो इतिहास निवडला आहे तो अमेरिका आणि कॅनडा या देशांतील, १९९६ ते २००२ या अवघ्या सहा-सात वर्षांचा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश पाठविण्याची यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांचा तो इतिहास.

प्रथम वस्तू काय आहे ते समजून घेऊ. कारण वस्तू न समजता तिच्या कंपनीची किंमत करणे म्हणजे पोते न उघडता धान्याचा भाव ठरविणे होय. काचेच्या तंतूतून प्रकाश वाकवून नेता येतो हे १९५४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स आणि आपले नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवून दिले. पण तेव्हाच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विझून जाई. १९६६ साली इंग्लंडात चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकॅम यांनी असे मांडले की, दोष काचेचा नाही, काचेतील अशुद्धतेचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर शंभरातील एक भाग जरी प्रकाश उरला तरी टेलिफोनचे काम भागेल. पुढे २००९ साली काव यांना याच कामगिरीबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी घातलेली अट १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग या जुन्या काचकारखान्यातील मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी पुरी केली. आजच्या तंतूत तर एका किलोमीटरनंतर शंभरातील पंच्याण्णव भाग प्रकाश शिल्लक राहतो. १९८८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी अशा तंतूंची पहिली केबल पडली आणि एका वेळी सुमारे चाळीस हजार संभाषणे तिच्यातून जाऊ लागली.

यानंतर दोन शोध लागले, आणि पुढचे सारे रामायण त्या दोहोंतून घडले. पहिला १९८७ चा. अर्बियम नावाची धातू मिसळलेल्या तंतूत मंदावलेला प्रकाश विजेत न बदलता तसाच्या तसा पुन्हा तेजस्वी करता येऊ लागला. दुसरा असा की, एकाच तंतूतून निरनिराळ्या रंगांचे, म्हणजे निरनिराळ्या तरंगलांबींचे, लेसर-किरण एकाच वेळी पाठविता येऊ लागले. प्रत्येक रंग म्हणजे जणू एक स्वतंत्र तार. जमीन खणायला नको, नवी केबल टाकायला नको. दोन टोकांची यंत्रे बदलली की एका तंतूचे सोळा तंतू होतात. सिएना नावाच्या नव्या कंपनीने १९९६ साली असे सोळा रंगांचे यंत्र स्प्रिंट या टेलिफोन कंपनीला विकले. सोळा रंगांवर प्रत्येकी अडीच गिगाबिट, म्हणजे एकूण चाळीस गिगाबिट. वर्ष २००० च्या सुमारास नॉर्टेलसारख्या कंपन्या एकशे साठ रंग आणि प्रत्येक रंगावर दहा गिगाबिट, म्हणजे सोळाशे गिगाबिटच्या यंत्रणा पुढे करू लागल्या होत्या. चार वर्षांत चाळीस पट! हा आकडा ध्यानात ठेवा; त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता बाजाराकडे वळू. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी अमेरिकेत नवा दूरसंचार कायदा झाला आणि टेलिफोनच्या धंद्याची दारे सर्वांना मोकळी झाली. नव्या कंपन्यांनी कर्जे काढली आणि शहरोशहरी, देशोदेशी तंतू टाकण्याचा सपाटा लावला. त्यांना यंत्रे पुरविणाऱ्यांची चंगळ झाली. सिएनाचे शेअर फेब्रुवारी १९९७ मध्ये बाजारात आले, तेव्हा पहिल्याच दिवसाच्या भावाने त्या पोरसवदा कंपनीची किंमत तीन अब्ज डॉलरांहून अधिक झाली. वस्तू खरी होती, विक्री खरी होती, नफाही खरा होता. मग दोष कोठे होता? दोष गिऱ्हाइकांच्या यादीत होता. पहिल्या वर्षी सिएनाला गिऱ्हाईक एकच, ते स्प्रिंट. पुढे आणखी थोडी मिळाली. १९९८ साली टेलॅब्स ही कंपनी सुमारे सात अब्ज डॉलर मोलाचे आपले शेअर देऊन सिएनाला विकत घेण्यास निघाली होती. त्या ऑगस्टात एटी अँड टी या बड्या कंपनीने सिएनाचे यंत्र तपासून पाहिले आणि ते न घेण्याचे ठरविले. एटी अँड टी हे काही सिएनाचे जुने गिऱ्हाईक नव्हते. केवळ होऊ घातलेले होते. तेवढ्याने शेअरचा भाव एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला आणि सप्टेंबरात ते लग्न मोडले.

श्रोते हो, हा धडा दोन वर्षे आधीच मिळाला होता. ज्या मालाची गिऱ्हाईके बोटांवर मोजण्याइतकी असतात, त्या मालाच्या कंपनीचे भवितव्य तिच्या हातात नसते, त्या चार गिऱ्हाइकांच्या हातात असते. पण बाजाराने हा धडा घेतला नाही.

त्याचे कारण एक वाक्य होते. 'इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते', हे ते वाक्य. वर्ल्डकॉम या कंपनीच्या गोटातून ते निघाले, आणि एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेच्या व्यापारखात्याच्या अहवालातही ते छापून आले. सरकारी शिक्का बसल्यावर मग काय विचारता! भाषणे, पत्रके, दलालांच्या शिफारशी, सर्वत्र तोच मंत्र. आपण जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू. शंभर दिवसांत दुप्पट, म्हणजे वर्षात साडेबारा पट. दोन वर्षांत दीडशे पटींच्या वर, आणि तीन वर्षांत सुमारे दोन हजार पट. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतील अँड्र्यू ओडलिझ्को आणि केरी कॉफमन या गणितज्ञांनी १९९८ सालीच मिळेल ती आकडेवारी जमवून दाखविले की, असा वेग केवळ १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत होता. त्यानंतर वाहतूक वर्षातून एकदा दुप्पट होत होती. वर्षाला दुप्पट म्हणजे काही थोडकी वाढ नव्हे. पण तीन वर्षांत आठ पट आणि तीन वर्षांत दोन हजार पट, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. त्या दोघांचा निबंध कोणीही वाचू शकत होते. तथापि ज्यांची पोळी पहिल्या आकड्यावर भाजत होती, त्यांना दुसरा आकडा ऐकू आला नाही.

आता मघाचा आकडा आठवा. १९९७ पासून वाहतूक दरसाल दुप्पट धरली तर चार वर्षांत ती सोळा पट होते. त्याच सुमारास एकाच तंतूची वाहण्याची ताकद चाळीस पट झाली, आणि शिवाय जमिनीत नवे तंतू लाखो किलोमीटर पडत होते, ते वेगळेच. याचा अर्थ उघड आहे. यंत्र जितके उत्तम, तितकी त्याची पुढची गरज कमी. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला म्हणजे कापड वाढते, पण अंगे तेवढीच राहतात. या धंद्यातील हुशार अभियंते आपल्याच कंपनीच्या पुढील वर्षाच्या विक्रीवर कुऱ्हाड चालवीत होते. हा त्यांचा दोष नव्हे, हा त्या तंत्राचा स्वभाव आहे. जो गुंतवणूकदार केवळ तंत्राच्या चमत्काराकडे पाहतो, त्याला हा स्वभाव दिसत नाही.

यानंतर या नाटकातील दोन मोठी पात्रे रंगभूमीवर येतात. पहिले कॅनडाची नॉर्टेल. एकोणिसाव्या शतकात टेलिफोनची उपकरणे बनविणारी म्हणून जन्मलेली ही कंपनी १९९० नंतरच्या दशकात प्रकाशयंत्रांत अग्रेसर झाली. जुलै २००० मध्ये तिच्या एका शेअरला १२४ कॅनेडियन डॉलरांहून अधिक भाव होता, आणि साऱ्या कंपनीची किंमत सुमारे ४०० अब्ज कॅनेडियन डॉलरांवर गेली होती. अमेरिकी डॉलरांत ती सुमारे २७० अब्ज होते. त्या वर्षी तिची विक्री सुमारे ३० अब्ज अमेरिकी डॉलरांची झाली आणि वर्षाचा हिशेब मिटला तो तोट्यात. समजा, आपण उदार होऊन शंभर रुपयांच्या विक्रीमागे दहा रुपये निव्वळ नफा धरला, तर वर्षाचा नफा ३ अब्ज होतो. त्या नफ्याने २७० अब्ज वसूल व्हायला नव्वद वर्षे लागतात. ज्या यंत्राची नवलाई चार वर्षांत सरते, त्याच्या कंपनीला नव्वद वर्षांचा भाव! याला आपल्याकडे 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' असे म्हणतात.

या चढ्या भावाच्या कागदावर नॉर्टेलने इतर कंपन्या विकत घेतल्या. झ्रॉस नावाच्या एका कंपनीसाठी तिने मार्च २००० मध्ये सव्वातीन अब्ज डॉलर मोलाचे शेअर दिले. झ्रॉसने तोवर बाजारात एक पैशाचाही माल विकलेला नव्हता. पण या विद्येत तिच्याहून तरबेज निघाली ती दुसरी कंपनी, जेडीएस युनिफेज. कॅनडाची जेडीएस फिटेल आणि कॅलिफोर्नियाची युनिफेज यांच्या १९९९ च्या विलीनीकरणातून ती जन्मली. लेसर, गाळण्या, रंग वेगळे करणारे भाग असे सुटे भाग ती बनवी. जुलै २००० मध्ये तिने एसडीएल ही कंपनी ४१ अब्ज डॉलर मोलाच्या शेअरांत घेण्याचा करार जाहीर केला. एसडीएलची १९९९ ची वर्षभराची विक्री २० कोटी डॉलरांच्याही आत होती. म्हणजे एका वर्षाच्या विक्रीच्या दोनशे पटींहून अधिक किंमत!

येथे हिशेबनीसाची करामत पाहण्यासारखी आहे. जून २००० मध्ये संपलेल्या वर्षी कायद्याच्या हिशेबाप्रमाणे जेडीएस युनिफेजला सुमारे ९० कोटी डॉलर तोटा होता. परंतु 'प्रो फॉर्मा' नावाचा दुसरा एक हिशेब कंपनी स्वतःच प्रसिद्ध करी. त्यात विकत घेतलेल्या कंपन्यांचा खर्च सोडून दिलेला असे, आणि मग तेथे नफा दिसे. श्रोते हो, आमच्या बोनसच्या टेबलावर एखाद्या मालकाने 'यंत्रांची किंमत सोडून देऊ, मग बघा' असे म्हटले असते, तर आम्ही हसलो असतो. पण तेथे साऱ्या बाजाराने माना डोलावल्या. पुढच्याच वर्षी, जून २००१ अखेर, या कंपनीने सुमारे ३.२ अब्ज डॉलर विक्रीवर ५६ अब्ज डॉलर तोटा जाहीर केला. तोवर कोणत्याही अमेरिकी कंपनीने एका वर्षात एवढा तोटा दाखविलेला नव्हता. तो बहुतेक सारा त्या भारी किमतीच्या खरेद्यांचा होता. दुसऱ्या पानावरून वगळलेला खर्च अखेर पहिल्या पानावर आलाच.

तिसरी गोष्ट लूसेंटची. एटी अँड टीचा कारखाना आणि जगप्रसिद्ध बेल प्रयोगशाळा मिळून १९९६ साली ही कंपनी वेगळी झाली. अमेरिकेत सर्वांत अधिक घरांतून जिचे शेअर होते, अशी ही कंपनी. विधवांनी आणि पेन्शनरांनी निर्धास्तपणे घ्यावी अशी तिची ख्याती. विक्री दरसाल फुगती दाखविण्याच्या हव्यासाने लूसेंटने गिऱ्हाइकांना माल घेण्यासाठी स्वतःच कर्ज देण्याचा मार्ग धरला. २००० सालापर्यंत अशा वचनांची रक्कम आठ अब्ज डॉलरांवर गेली. विनस्टार या एका नव्या कंपनीला तिने १९९८ साली दोन अब्ज डॉलरांपर्यंत कर्ज देऊ केले होते. एप्रिल २००१ मध्ये विनस्टार दिवाळखोर झाली. 'उधारीचे पोते सव्वा हात रिते' ही म्हण आपल्या आजीबाईंना ठाऊक होती, न्यूयॉर्कच्या विश्लेषकांना ठाऊक नव्हती! पुढे २००४ साली तेथील शेअरबाजार आयोगाने लूसेंटवर २००० सालच्या हिशेबात सुमारे १.१५ अब्ज डॉलरांचा महसूल गैररीतीने दाखविल्याचा आरोप ठेवला. तो मान्य वा अमान्य न करता कंपनीने अडीच कोटी डॉलर दंड भरला.

मग जे व्हायचे ते झाले. ऑक्टोबर २००० मध्ये नॉर्टेलच्या प्रकाशयंत्रांची विक्री अपेक्षेहून कमी वाढली एवढी बातमी आली आणि धरण फुटले. तंतू टाकणाऱ्या कंपन्यांना भाडे देणारे मिळेनात, म्हणून त्यांना कर्ज मिळेना, म्हणून त्यांनी यंत्रे घेणे बंद केले. ग्लोबल क्रॉसिंग जानेवारी २००२ मध्ये बुडाली, वर्ल्डकॉम त्याच वर्षी जुलैत. नॉर्टेलचा १२४ डॉलरांचा शेअर २००२ मध्ये एक डॉलरच्या खाली गेला. सुमारे ८० डॉलरांवर पोचलेला लूसेंटचा शेअरही एक डॉलरच्या खाली आला. जेडीएस युनिफेजचा १५० हून अधिक डॉलरांचा शेअर दोनाच्या खाली.

भाव पडले म्हणजे कागद पडले, असे कोणी म्हणेल. परंतु कागदाच्या मागे माणसे होती. नॉर्टेलमध्ये चढत्या काळात सुमारे ९४ हजार माणसे काम करीत. २००२ अखेर ती सुमारे ३७ हजार उरली. लूसेंटमध्ये दीड लाखांवर होती, ती २००३ मध्ये ३५ हजारांवर आली. त्यांत काही विभाग वेगळे काढल्यामुळे गेलेली होती, हेही सांगितले पाहिजे. या कामगारांची निवृत्तीची बचत बऱ्याच अंशी त्याच कंपनीच्या शेअरांत होती. म्हणजे नोकरी आणि बचत, दोन्ही एकाच फांदीला टांगलेली. फांदी मोडली तेव्हा दोन्ही एकदमच खाली आली. ग्लोबल क्रॉसिंगच्या अध्यक्षाने मात्र पडझडीपूर्वी सत्तर कोटी डॉलरांहून अधिक किमतीचे आपले शेअर विकून टाकले होते.

नॉर्टेलचा अंत तर अधिकच बोधप्रद आहे. १४ जानेवारी २००९ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कमी केलेल्या कामगारांची नुकसानभरपाई थांबली. कॅनेडियन ऑटो वर्कर्स ही संघटना आणि माजी कामगार न्यायालयात गेले. ओंटारिओच्या न्यायालयांनी निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. कंपनीच्या निधीतून आजारपणाचे वेतन घेणाऱ्या शेकडो अपंग कामगारांचे ते वेतन २०१० च्या अखेरीस बंद झाले, कारण तो निधी पुरेसा बाजूला काढून ठेवलेलाच नव्हता. आणि २०११ मध्ये त्याच कंपनीच्या शोधांचे हक्क, म्हणजे पेटंटे, साडेचार अब्ज डॉलरांना विकली गेली! शोध लावणाऱ्यांची बुद्धी बाजारात साडेचार अब्जांना खपली, आणि अंथरुणाला खिळलेला कामगार धनकोंच्या रांगेत वर्षानुवर्षे उभा राहिला. भागधारकांचा नंबर तर त्या रांगेत सर्वांत शेवटी.

येथे एक प्रश्न आपल्याशी थेट निगडित आहे. २००० साली टोरोंटोच्या निर्देशांकात एकट्या नॉर्टेलचे वजन एक-तृतीयांशाहून अधिक झाले होते. ज्या पेन्शन-निधीने 'आम्ही कोणा एकाच्या नादी लागत नाही, सारा बाजार घेतो' असे म्हणून निर्देशांक घेतला, त्याच्या दर तीन डॉलरांतील एक डॉलर नकळत एकाच कंपनीत जाऊन बसला होता. निर्देशांक हा सावधपणाचा उपाय आहे खरा. पण भाव चढतो तसे त्या कंपनीचे वजन वाढते आणि सर्वांत महाग झालेली वस्तूच सर्वांत अधिक पदरात पडते. म्हणून एका कंपनीला ठराविक टक्क्यांची मर्यादा असावी, हा विचार तेथे पुढे आला. आपल्या निधीच्या विश्वस्तमंडळावर कामगारांचेही प्रतिनिधी बसतात. त्यांनी हा प्रश्न विचारणे हे महागाईभत्त्याइतकेच आपले काम आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ होता काय? मुळीच नाही. जमिनीत आणि समुद्रात पडलेले तंतू कोणी उपटून नेले नाहीत. टायको या कंपनीने दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्चून जगाभोवती टाकलेले साठ हजार किलोमीटरचे जाळे, मुंबईत ठाण मांडून असलेल्या आपल्या विदेश संचार निगमने, टाटांच्या ताब्यात गेल्यावर, अवघ्या १३ कोटी डॉलरांना घेतले. तो व्यवहार २००५ मध्ये पुरा झाला. इंग्लंडपासून मुंबईमार्गे जपानपर्यंत जाणारी फ्लॅग केबल ज्या कंपनीची होती, तीही २००२ मध्ये दिवाळखोर झाल्यावर रिलायन्सने सुमारे २१ कोटी डॉलरांना घेतली. परदेशाशी जोडणारा मार्ग स्वस्त झाल्याचा लाभ आपल्याकडच्या संगणक-कचेऱ्यांना आणि दूरध्वनी-सेवाकेंद्रांना मिळाला. पुण्या-मुंबईच्या कितीतरी तरुणांची पहिली नोकरी ज्या तारेवर चालली, त्या तारेची किंमत आधी कोणी परदेशी भागधारकाने आणि धनकोने चुकती केलेली होती.

यातून निघणारे सत्य थोडे कडू आहे. एखादा शोध समाजाला अत्यंत उपकारक असू शकतो आणि त्याच शोधाची कंपनी भागधारकाला धुळीस मिळवू शकते. दोन्ही एकाच वेळी खरे असते. समाजाला लाभ होतो तो वस्तू स्वस्त झाल्यामुळे. भागधारकाला लाभ होतो तो वस्तू महाग राहिली तर. 'या तंत्राचे भवितव्य उज्ज्वल आहे' हे वाक्य म्हणून शेअर घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

मग कंपनी पारखावी कशी? या इतिहासातून मला जे प्रश्न सापडले ते आपल्यापुढे ठेवतो. कंपनीची गिऱ्हाईके किती, आणि त्यांतील एक गेले तर काय उरते, हे सिएनाचे प्रकरण शिकविते. ती गिऱ्हाईके माल स्वतःच्या मिळकतीतून घेतात की कर्जातून, आणि ते कर्ज खुद्द विक्रेत्यानेच दिलेले नाही ना, हे लूसेंटने शिकविले. मागणीचा आकडा कोणी मोजला आहे की कोणी नुसता उच्चारला आहे, हे त्या शंभर दिवसांच्या मंत्राने शिकविले. नफा कायद्याच्या हिशेबातला की कंपनीच्या स्वतःच्या हिशेबातला, हे जेडीएस युनिफेजने शिकविले. आजचा भाव वसूल व्हायला किती वर्षे लागतील आणि यंत्राची नवलाई तितकी वर्षे टिकेल काय, हे नॉर्टेलने शिकविले. ताळेबंदात गोदामातला माल आणि येणे बाकी विक्रीहून भरभर वाढत असेल, तर तो माल खपत नसून ढकलला जात आहे असे समजावे; हे कोणत्याही दुकानदाराला सांगावे लागत नाही.

आणखी एक प्रश्न कॉर्निंगने शिकविला. तिचाही शेअर २००० च्या शंभरावरून २००२ मध्ये एका डॉलरच्या आसपास आला. तंतूंचे कारखाने काही काळ थांबवावे लागले, हजारो माणसे घरी गेली. परंतु १८५१ साली सुरू झालेल्या या कंपनीला काचेचे इतरही धंदे येत होते. दूरदर्शन आणि संगणकाच्या चपट्या पडद्यांच्या काचेने तिला तारले. तेव्हा पाण्याचा एक झरा आटला तर दुसरा आहे काय, हेही पाहावे. कॉर्निंग आजही उभी आहे. सिएनाही उभी आहे. तिने २०१० साली नॉर्टेलचाच प्रकाशयंत्रांचा विभाग सुमारे ७७ कोटी डॉलरांत घेतला. मात्र २००६ मध्ये तिने सात शेअरांचा एक केला आणि जेडीएस युनिफेजने आठांचा एक केला, हे आजचा भाव जुन्या भावाशी ताडून पाहणाऱ्याने विसरू नये. कंपनी जगली म्हणजे भागधारक जगला, असे होत नाही.

हे सर्व आज सांगण्याचे निमित्त असे की, कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड संगणकगृहे उभी राहू लागल्यापासून प्रकाशयंत्रांच्या कंपन्यांना पुन्हा भरती आली आहे. सिएना, कॉर्निंग, जेडीएस युनिफेजमधून २०१५ साली वेगळी झालेली लुमेंटम, यांचे भाव २०२५ मध्ये वेगाने वर गेले. नोकियाने इन्फिनेरा ही कंपनी त्याच वर्षी २.३ अब्ज डॉलरांना घेतली. या वेळची गिऱ्हाईके मायक्रोसॉफ्ट, गूगल, अ‍ॅमेझॉन, मेटा अशी नगद कमाईची आहेत. १९९९ च्या कर्जबाजारी कंपन्यांहून ती निश्चितच भक्कम आहेत. पण ती आहेत बोटांवर मोजण्याइतकीच. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडिया या यंत्रविक्रेत्या कंपनीने, आपली यंत्रे घेणाऱ्या ओपनएआय या कंपनीत १०० अब्ज डॉलरांपर्यंत पैसा घालण्याचा इरादा जाहीर केला. तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातातला पैसा कोणाचा, हा जुना प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला आहे.

पुढे काय होईल हे सांगणारा मी ज्योतिषी नव्हे, आणि शेअर घ्या किंवा घेऊ नका असे सांगण्यासाठीही आपण मला येथे बोलावलेले नाही. मी इतकेच सांगेन की, हे प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. चाळीतल्या भिशीचा हिशेब ठेवणारी बाई हे सारे प्रश्न विचारते: पैसे कोणाचे, कोणाला दिले, परत केव्हा येणार, आणि न आले तर जबाबदार कोण? भिशी काही हजारांची असते, निधी काही लाख कोटींचा असतो, एवढाच काय तो फरक. आकडा मोठा झाला म्हणून प्रश्न विचारायला लाजू नये. आपल्या निधीची वार्षिक पत्रके उघड आहेत आणि विश्वस्तांची नावेही उघड आहेत. येत्या महिन्यात आपापल्या संघटनेच्या सभेत त्यांतील एक पत्रक मोठ्याने वाचले जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.